नवसाचे केस

"मुरल्या, डोकं खाली घाल," आक्का म्हणाली, आणि मी घातलं.

चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या मी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. दिवसभर गाडीवानांवर खेकसणं हा माझा धंदा. पण देवाच्या पायरीवर आईनं मानगूट धरल्यावर कसला कारकून आणि कसलं काय. माझ्या केसांची मूठ धरून तिनं गाभाऱ्याकडं तोंड केलं आणि बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "देवा, माझा शशी घरी येईपातूर ह्या मुरल्याच्या डोक्याला कातर लागायची न्हाई. शशी आला की दोघांस्नी घेऊन येईन आन् हितंच केस देईन. ऐकलंस न्हवं?"

देवानं ऐकलं का नाही मला ठाऊक नाही. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. माझी बायको शालन पदर तोंडाला लावून हसत होती.

"आक्का, मला इचारायचं तरी होतंस," मी म्हणालो.

"तुला काय इचारायचं? डोकं काय तू केलंयस?"

झालं. नवस तिचा, केस माझे, आणि उन्हाळ्यात घामोळं आलं तेही माझंच.

शशी म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. तो ऑर्केस्ट्रात गायचा. खांद्यापर्यंत केस, त्याला मोगऱ्याचं तेल, अंगात रेशमी शर्ट. आमच्या तासगावकडच्या खेड्यात तेव्हा एवढे केस एकतर गोसाव्याचे, नाहीतर दादाचे. गाताना तो मान झटकायचा आणि केस मागं जायचे, त्यावर टाळ्या पडायच्या. एकदा जत्रेत त्यानं मला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि माइकवरून सांगितलं, "हा माझा धाकटा भाऊ. ह्याच्यापुढं गायचं म्हटलं की मला घाम फुटतो." सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. लहान होतो मी. त्या दिवसापासून दादा म्हणजे माझा देव झाला.

मग एका दौऱ्यावर, बेळगावच्या अलीकडं, गाडी चहाला थांबली. दादा उतरला आणि परत चढलाच नाही. दवाखाने झाले, पोलीस झाले, मठ झाले. कुणी गाणगापुरात दिसला म्हणायचं, कुणी हुबळीत. गेलं की दुसराच कोणीतरी निघायचा. तोवर मी बिऱ्हाड घेऊन कारखान्याच्या चाळीत राहायचो. घरी आक्का, रंजनावहिनी आणि त्यांची लहानगी सुवर्णा अशा तिघी उरल्या म्हणून मी आणि शालन गावच्या घरी राहायला आलो. नवस झाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आक्काची नजर काचबिंदूनं जायला लागली तेव्हा. डोळे जायच्या आत पोराला बघायचं होतं तिला.

केस कानावर आले तेव्हा लोक विचारायचे. मानेवर आले तेव्हा हसायचे. यशवंता न्हावी तर रस्त्यात गाठून म्हणायचा, "मालक, माझ्या पोटावर पाय देऊ नका." गाडीवान मला 'बुवा' म्हणायला लागले. ऊस कमी भरला तरी पाया पडून जायचे. मी केसांना गाठ मारून टोपीखाली कोंबायचो आणि दुप्पट खेकसायचो.

खांद्यावर आले तेव्हा मात्र लोक गप्प झाले. स्टँडवरचा म्हातारा चहावाला एकदा कप हातात धरून माझ्याकडं नुसता बघत राहिला. "काय रे?" मी म्हणालो. "काय न्हाई," तो म्हणाला, "आवाज ऐकला म्हणून कळलं, तुम्ही हाय." घरी येऊन मी आरशासमोर टोपी काढली, गाठ सोडली. आरशात दादा होता. पोट जरा सुटलेला, कानाजवळ पांढरा झालेला, पण दादाच. मी आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला.

आक्काला तोवर दिसायचं बंदच झालं होतं. रोज दिवेलागणीला मी तिच्या खोलीत बसायचो आणि ती माझ्या डोक्याला तेल लावायची, नवसाचे केस म्हणून. एकदा तिची बोटं खांद्याशी येऊन थांबली.

"शशी," ती म्हणाली. "आलास व्हय रं?"

"आक्का, मी मुरली."

तिनं हात काढून घेतला. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच, "शशी, आलास व्हय?" मी काय करणार? मी गप्प बसलो. ती अख्खी भाकरी जेवली, वर दूध मागून घेतलं. मग रोजचंच झालं ते. कारखान्यातून आलो की मी मुरली, चहा प्यायलो की मी मुरली, आणि आक्काच्या खोलीत गेलो की गाठ सोडून दादा. परगावाहून आलेल्या पोराशी बोलावं तसं ती बोलायची. "वाळलाईस. खात जा." मी नुसतं हूं करायचो. हळूहळू ते हूं दादासारखं यायला लागलं. मान झटकायची सवय लागली. मोटारसायकलवरून येताना दादाची गुणगुण तोंडात यायची आणि अंगावर काटा यायचा. भीती वाटायची. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. माझा दादा कुठून तरी थोडाथोडा परत येतोय असं वाटायचं.

त्याच वर्षी सुवर्णाला पलूसचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता. बोलणी करायला मुलाचा मामा आला होता, सुपारी कातरत शांतपणे म्हणाला, "पोरगी पसंत हाय. पण बाप हाय का न्हाई ते एक काय ते सांगा. पत्रिकेत नाव कसं घालायचं? कैलासवासी घालून उद्या बाप दारात उभा राहिला तर आमची शोभा व्हायची."

भटजींना विचारलं. ते म्हणाले, माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली, आता पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा. मुलगा नाही म्हणून धाकट्या भावानं बसायचं. आणि बसणाऱ्यानं डोकं भादरायचं.

मी म्हणालो, बघू. आणि विषय टाळत राहिलो.

एका सकाळी स्वयंपाकघरात चहा पिताना वहिनीनंच तो काढला. आमची वहिनी कमी बोलणारी. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, बारा वर्षं दर वटसावित्रीला वड पुजणारी.

"भावजी," ती पिठात पाणी घालत म्हणाली, "तेवढं उरकून टाका."

"काय?"

"पुतळ्याचं."

माझं टाळकंच सरकलं. "वहिनी, कळतंय का काय बोलतीस? जित्या माणसाला जाळायला सांगतीस? आक्काला काय वाटंल?"

"पोरीचं लगीन हाय."

"पोरीचं लगीन आपण दुसरीकडं करू. छप्पन्न स्थळं येतील."

"दुसरीकडंबी हेच इचारतील." तिनं परातीतून वर बघितलं नाही. "मी तुमास्नी कधी काय मागितलं न्हाई, भावजी. हे एकच मागते."

"बायका नवऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून म्हाताऱ्या होतात, आणि तुला तुझ्या हातानं कुंकू पुसायची घाई झालीया!" असं मी बोललो. ठणाणा करून बोललो. दारात उभी असलेली शालन म्हणाली, "अवो, पुरे," तर तिच्यावरही ओरडलो. वहिनी पीठ मळत राहिली.

त्या दिवशी कारखान्यात माझं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी आलो तर आक्कानं ट्रंक उघडायला लावलेली. दादाचा एक रेशमी शर्ट तिनं डांबरगोळ्या घालून जपला होता. कुणीतरी पुतळ्याचं तिच्या कानावर घातलं असावं.

"शशी, हा घाल. घालून दाव सगळ्यांस्नी. तू हाईस म्हणावं."

"आक्का…"

"घाल म्हणते न्हवं!"

घातला. छातीला जरा घट्ट झाला. तिनं बाहीवरून, कॉलरवरून हात फिरवला, केस खांद्यावर नीट पसरले आणि मग रडायला लागली. मला तिथं बसवेना. मी पाय धुवायला म्हणून मागच्या दारी न्हाणीच्या दगडाशी गेलो. वीज गेलेली होती. अजून कंदील लावले नव्हते, माणूस दिसावं पण तोंड दिसू नये असा उजेड होता. दाराकडं पाठ करून मी उभा होतो, आणि सवयीनं ती दादाची गुणगुण तोंडात आली.

मागं दार वाजलं. घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. आदळली नाही. अगदी जपून ठेवली.

"आलात?" वहिनी म्हणाली.

मला वाटलं, मलाच विचारते. मी काही बोललो नाही, सकाळचा राग होताच. ती पुढं बोलली. हळू, घाईघाईनं, आतल्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"पोरगी जागी हाय. तिच्यासमोर नको. मी येते आत, तिकडं काय करायचं ते करा."

मी मान वळवली. केस झटकले गेले, तेही त्या मेल्या सवयीनं. आणि वहिनीचा हात वर गेला. कोपर वाकडं करून तिनं तोंडापुढं धरला आणि मान खांद्यात ओढून घेतली. अंगावर काही येताना माणूस विचार न करता करतो तसं. पण तिनं ते ज्या सफाईनं केलं ते मी कधी विसरलो नाही. किती वेळा केलं असेल तिनं ते!

"वहिनी," मी म्हणालो. आवाज माझाच निघाला, देवाची कृपा.

तिनं हात हळूहळू खाली घेतला. माझ्याकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं.

"तुम्ही व्हय, भावजी," ती म्हणाली. घागर उचलली, कमरेवर घेतली आणि आत गेली. घागरीतलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही.

मी त्या दगडावर बसलो. शर्ट काढायचा तर बटणं निघेनात. शेवटी ओढून काढला, दोन बटणं तुटली. उघड्या अंगानं तसाच बसून राहिलो. शालन कंदील घेऊन मला शोधत आली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

काय, असं तिनं विचारलं नाही. कंदील खाली ठेवला.

"बायकांना म्हाईत असतं," ती म्हणाली. "एकदा ताईंचा हात मोडलेला, तवा पाय घसरला म्हणून सांगितलेलं. तुमीच दवाखान्यात डबा घेऊन गेलता."

मी डबा घेऊन गेलो होतो. दादा खाटेशेजारी बसून वहिनीला मोसंबी सोलून देत होता. किती जीव आहे ह्याचा बायकोवर, असं मी चाळीत परत येऊन चार जणांना सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुमचा दादा म्हंजे देव. आन् आपलेच दात, आपलेच ओठ." मग ती म्हणाली, "ह्या केसांत तुमी हिंडाय लागल्यापासनं ताई वाळल्यात. तुमास्नी दिसलं न्हाई ते."

दिसलं नव्हतं. घरातल्या घरात एका बाईसमोर मी रोज तिच्या नवऱ्याचं भूत फिरवत होतो आणि माझं मला बरं वाटत होतं.

सकाळी उठून मी आक्काच्या खोलीत गेलो. "आक्का, मी मुरली," असं आधीच सांगून टाकलं. "मी दादाचं करून टाकतोय. पुतळा करून. नवस मोडतोय मी."

ती चाचपडत उठून बसली. मग म्हणाली, "तू माझ्या लेकराला जाळणार?"

"व्हय."

"तो आला तर?"

"न्हाई यायचा," मी म्हणालो.

"तुला काय म्हाईत? मुडद्या, तुला काय म्हाईत?" ती ओरडली. आंधळेपणानं हात मारला तो माझ्या कानाखाली बसला, मग केस हाताला लागले तशी ते धरून मला हलवायला लागली. "ह्ये माझं हाईत! देवाला दिल्यात मी! हात लावशील तर माझं तोंड बघू नगंस!" शालननं येऊन तिची बोटं सोडवली. मुठीत माझे चार केस तसेच राहिले.

तरी मी गेलो. आता मागं फिरलो असतो तर वहिनीसमोर कुठलं तोंड घेऊन उभा राहिलो असतो?

नदीवर यशवंता वस्तरा घेऊन आला होता. एरवी तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी गप्प. आधी कात्रीनं लांब केस कापले आणि शेजारच्या खडकावर ठेवले. ते तिथं पडलेले, तेलानं चमकणारे, दादाचंच डोकं कुणीतरी काढून ठेवल्यासारखे. माझं तिकडं लक्ष जाईल म्हणून त्यानं त्यावर आपला पंचा टाकला. मग वस्तरा फिरला. पळसाची पानं भटजींनी दर्भानं बांधून माणसाचा आकार केला होता. वर नारळ. मी अग्नी दिला. पानं तडतडत जळाली. मला रडू आलं, कुणासाठी ते अजून सांगता येत नाही. तो मांडवातला दादा माझा होताच ना! तोही त्यातच जळाला. केस यशवंतानं विचारून नदीत सोडले.

घरी आलो. वहिनीनं कुंकू पुसलं होतं. नेसूचं साधं होतं. रडली नव्हती, आणि रडल्याचं सोंगही केलं नव्हतं. मला न्हायला पाणी दिलं. बोडक्या डोक्याचा मी आणि मोकळ्या कपाळाची ती, आम्ही एकमेकांकडं बघायचं टाळलं. आक्का दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली होती. पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

दिवेलागणीला तिची हाक आली. "मुरल्या."

मी गेलो. खाटेशी खाली बसलो, डोकं पुढं केलं. मारू दे म्हटलं, मारायचं तर. तिचा हात हवेत चाचपडत आला आणि माझ्या गुळगुळीत टाळूवर पडला. तिथंच राहिला. मग कपाळावरून, कानामागून, मानेपर्यंत सगळीकडं फिरला. कुठं एखादा केस राहिलाय का बघत असल्यासारखा.

"गेला," ती म्हणाली.

"व्हय, आक्का."

ती रडली. आवाज न करता रडली, माझ्या डोक्यावर पाणी पडत होतं. मी हललो नाही. पुष्कळ वेळानं तिनं पदरानं माझं डोकं पुसलं.

"मी त्याची आई हाय," ती म्हणाली. "मला तो पायजेच हुता. कसाबी असला तरी. पण तिला नको हुता, ते मला काय कळत न्हवतं व्हय?"

मी वर बघितलं. तिचे डोळे भलतीकडंच लागलेले होते.

"जा, सांग तिला," ती म्हणाली. "बारा वर्सं ती आतनं कडी घालून झोपतीया. उन्हाळ्यात उकडून मरती, पण घालतीच. भिंतीपलीकडं रोज ऐकते मी. म्हणावं, आता घालू नगंस. दार उघडं टाक. वारं तरी येईल."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चुलीपुढं बसून तांदूळ निवडत होती. आक्का बोलली ते मी जसंच्या तसं सांगितलं, मान खाली घालून. तांदळात फिरणारा तिचा हात थांबला. मला वाटलं, आता तरी ती रडेल.

"आक्कास्नी ऐकाय जात हुतं?" तिनं विचारलं. चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "मी तर रोज हळूच घालत हुते, भावजी. त्यास्नी वाईट वाटू ने म्हणून."